ती जाडी फाइल उडवू नका, काका

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं घाबरायला काय झालं होतं?" काय झालं होतं? तुम्हाला सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माझी ताई डायलिसिस सेंटरची मुख्य सिस्टर. अकरा खुर्च्या, अकरा यंत्रं, आणि दरारा असा की डॉक्टरसुद्धा आत येताना चपला नीट जोडून काढतात. तिथला नोंदींचा प्रोग्राम मी लिहिलाय. कुणाचं वजन किती, कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, शिवाय यंत्रांचे दर सेकंदाचे आकडे, सगळं त्यात. आणि हे सगळं राहतं कुठे? तर मोठ्या ऑफिसांत कसं, डेटाबेसला वेगळा कंप्युटर, वेगळी थंडगार खोली, सांभाळायला दोन पगारी माणसं... माझा तसला नाही. माझा डेटाबेस प्रोग्रामच्या पोटातच राहतो, पोटभाडेकरूसारखा. ताईला मी छाती फुगवून सांगितलं होतं, "काळजीच नको, एकच तर फाइल आहे!"

एकच तर फाइल आहे... हे वाक्य मी ज्या तोंडाने बोललो ना, ते तोंड त्या दिवशी कोरडं पडलं होतं.

सकाळी दहाला ताईचा फोन. "तुझा प्रोग्राम म्हणतोय डिस्क भरली. नोंद घेत नाहीये. अकराला पेशंट आजी येतायत. ये."

मी विचारात पडलो, डिस्क भरली? एवढीशी फाइल, ती काय भरणार? म्हणून तिथल्या काकांना फोन लावला. हे काका रिसेप्शनवर बसतात, सगळे त्यांना टापटीपकाका म्हणतात, कारण टेबलावर पेन वाकडं दिसलं तरी त्यांना चैन पडत नाही. काका शांतपणे म्हणाले, अरे, जागा मीच करतोय, माझे बासरीच्या रियाजाचे आठ महिन्यांचे व्हिडिओ होते ते उडवले, केराची टोपलीही रिकामी केली, आता तुझ्या फाइलशेजारी एक भलतीच जाडी फाइल बसलीय, नावही धड नाही, तीही उडवतो.

तुम्हाला सांगतो, फोन कानाला धरूनच मी चपला पायात सरकवल्या.

कारण एकच फाइल हे अर्धसत्य होतं हो! तिच्याशेजारी आणखी एक असते. तिला कच्ची वही म्हणा. नवी नोंद आधी कच्च्या वहीत पडते आणि सवडीने पक्क्या वहीत उतरते. आता ती उतरायला एक अट असते, कुणी पक्की वही वाचायला उघडून तशीच धरून बसता कामा नये. आणि तीन आठवड्यांपूर्वी भिंतीवर खुर्च्यांचं वेळापत्रक दाखवणारा पडदा कुणी बसवला? मी! त्याने वही उघडली आणि मिटलीच नाही, कारण मिटायची ओळ लिहायला कोण विसरलं? मीच! म्हणजे तीन आठवड्यांचं सगळं काही त्या कच्च्या वहीत. म्हणून ती जाडी झालेली. आणि काका निघालेत तिला उडवायला.

मी म्हटलं, "काका, तिला हात लावू नका." काका म्हणाले, अरे, ती उडतच नाहीये, कंप्युटर म्हणतो वापरात आहे, आता सगळं बंद करतो, परत चालू करतो, मग... आणि फोन बंद. माझाच. चार्जिंग संपलेलं. अकरा यंत्रांची आकडेवारी सांभाळणारा माणूस मी, मला एक फोन सांभाळता येत नाही!

पुढची पंचवीस मिनिटं मी बसमध्ये उभा. शेजारच्या बाई विचारत होत्या, बरं वाटत नाही का? त्यांना काय सांगू? बाई, एकच तर फाइल आहे?

पोचलो. आजी खुर्चीवर बसलेल्या, पाय लोंबकळत, हात पुढे केलेला. काका टेबल पुसतायत. मी कंप्युटरवर झडप घातली. फोल्डर उघडलं. पक्की वही होती. कच्ची वही... नव्हती.

"काका, ती जाडी फाइल?"

"गेली," काका म्हणाले. आणि चेहऱ्यावर समाधान!

रोजची कॉपी माझ्याकडे होती, तीही चाचपत उघडली. शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची. का? कारण मी शहाण्याने रोज फक्त पक्क्या वहीची कॉपी काढली. एकच तर फाइल आहे ना!

आणि नेमकं त्या तीन आठवड्यांत ताई रजेवर होती, आजच परतलेली. बदली सिस्टरने आजींचं पाणी काढून कुठल्या वजनावर थांबायचं तो आकडा वाढवून लिहिला होता, एक औषध सोसलं नाही तेही लिहिलं होतं; एवढं आजींनी सांगितलं, पण आकडा आणि औषधाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ती सिस्टर आता दुसऱ्या गावी, फोन लागत नाही, डॉक्टर ऑपरेशनमध्ये. जुन्या आकड्यावर यंत्र लावलं तर आजींच्या अंगातलं पाणी जास्त निघणार आणि रक्तदाब कोसळणार.

ताई म्हणाली, "लावू का?"

एक क्षण, खोटं सांगत नाही, मनात आलं की बोलूच नये, आपोआप निभावून जाईल. मग आजींचा तो पुढे केलेला हात दिसला. मी म्हटलं, "ताई, लावू नकोस. कंप्युटरवर जो आकडा येईल तो जुना असेल. चूक माझी आहे."

ताईने आजींचा हात हळूच शालीखाली ठेवला. ओरडली असती तर परवडलं असतं. आजीच म्हणाल्या, "होऊ दे रे तुझं. मी कुठे पळून जातेय?"

मी पक्क्या वहीची आधी वेगळी प्रत काढली. कंप्युटरला ती तपासायला लावली. "ओके" आलं. मग शेवटची नोंद मागितली. कुठली तारीख यावी? कालची! संध्याकाळी सहाची! खाली आजींचं नवं वजन, न सोसणारं औषध, सगळं जागच्या जागी. मी तीन वेळा वाचलं. ताईने एकदाच वाचलं आणि यंत्र लावलं.

मग मी काकांना विचारलं, तुम्ही नेमकं केलंत काय? काका म्हणाले, काही नाही, आधी भिंतीवरचा पडदा बंद केला, मग तुझा प्रोग्राम, तो मिटेचना, चक्र फिरतंय फिरतंय, मी म्हटलं फिरू दे, आपल्याला काय घाई, वीस मिनिटांनी मिटला आणि ती जाडी फाइल आपली आपणच गेली, मला उडवावीच लागली नाही.

कळलं का तुम्हाला? शेवटचा वाचणारा उठला की डेटाबेस कच्ची वही पक्कीत उतरवतो आणि कच्ची स्वतःच टाकून देतो. फक्त उतरवायला जागा लागते. ती बासरीने दिली! माझ्या हाताने जे तीन आठवड्यांत झालं नाही ते त्या माणसाने घाई न करून केलं.

मी चूक दुरुस्त केली. दोन्ही फायलींची नीट कॉपी, डिस्क भरायच्या आत सूचना, सगळं. ताईला दाखवायला गेलो. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "काकांना विचारलंस?"

तेव्हापासून हे असंच. मी एक ओळ बदलली तरी आधी काकांपुढे ठेवायची. ते चष्मा पुसतात, पान सरळ करतात, वरपासून खालपर्यंत वाचतात, अक्षर कळत नाही त्यांना त्यातलं, आणि मग म्हणतात, "बरं आहे." आणि खरं सांगू? ते "बरं आहे" म्हणेपर्यंत हल्ली माझाही हात पुढे होत नाही.