दहा गाठींचा दोरा

माझा जनम वरोऱ्याजवळच्या खेड्यातला. बाप वावरातली ऑइल इंजिनं दुरुस्त करे, आन त्याची एकच शिकवन, चालत्या इंजिनले हात लावू नोको. मी पडलो रेसच्या मोटरसायकलींत, तिथी बापाचं सारं उलटं. रेसचं इंजिन लहान, पन जीव तोडून पळते, म्हून ते बिघडाच्या आधीच खोला लागते. पाच घंटे पळालं का रिंगा पाहाच्या, दहा झाले का पिस्टन बदलाचा, मग ते कितीबी चांगलं वाजो.

आता घंटे मोजाचे कसे? माझ्याजवळ पाच-सहा गाड्या, डोक्यात राहत नाई, म्हून मी हँडलले पांढरा दोरा बांधो, घंटाभर पळाली का एक गाठ. दहा गाठी झाल्या का नवा पिस्टन, नवा दोरा. कोरा दोरा म्हनजे ताजं इंजिन, डोळे मिटून पळवाचं.

माझी पोरगी प्रणाली, तेवीस वर्साची, तीबी रेस खेळते. काय सांगू तुमाले, मले पयल्यापासून भेव. घासलेलं इंजिन जोरात असतानी जाम झालं का मागचं चाक जागीच थांबते आन गाडी मानसाले फेकते. म्हून तिले एकच घोकवलं, बाई, दोन बोटं क्लचवर ठेव, इंजिन अडकलं का दाब, चाक मोकळं होते.

मागच्या दसऱ्याले मी बेअरिंग आनाले भद्रावतीले गेलो होतो. दसऱ्याले अवजारं पुजतेच आपल्याकडे, तं घरी बायकोनं, शोभानं, गाड्या धुतल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. चार दिवसांनी चंद्रपूरले रेस. मी पाह्यलं, दोरा कोरा, म्हनलं चला. गाड्या सुटल्या आन बाजूले उभी शोभा सहज म्हनते, पोरीच्या गाडीचा दोरा तेलानं काळाकुट्ट झाला होता, पूजेले बरा दिसे नाई, म्या तोडून नवा बांधला. मी म्हनलं, गाठी किती होत्या वं? ती म्हने, मोजल्या नाई, पन बहुत होत्या.

मी दुपट्टा हालवत कडेकडेनं पळालो, प्रणाली थांब, थांब वं, पन हेल्मेटात काय ऐकू येते. तिसऱ्या फेरीले आवाज बारीक झाला, खणखणला, आन मी डोळेच मिटले. मग आवाजच बंद. कोनी बोंबललं नाई म्हून डोळे उघडले, तं गाडी घरंगळत कडेले थांबली होती, पोरगी तिच्यावरच बसून, दोन बोटं अजून क्लच दाबून, सोडता येत नोती तिले. मीच एकेक बोट सोडवलं.

शोभाचा दोष नाई. तिनं पोरीचं भलंच चिंतलं होतं, गाठींचा अर्थ मीच घरात कोनाले सांगितला नोता. आता घंटे टाकीवर खिळ्यानं कोरतो, तरी भेव जात नाई, पाच घंट्यातच सारं इंजिन उघडून बसतो. प्रणाली म्हनते, बाबा, इतकं काऊन खोलता, बोल्टाचे आटे जातीन. खरंच हाये तिचं, पन हात राहत नाई.

येत्या रविवारी पुन्हा रेस हाये. शोभा ओवाळन, हातावर दहीसाखर देईन, पोरगी माझ्या पाया पडन. मले सुखी राह्य म्हनता येत नाई आता, डोक्यावर हात ठेवला का तोंडातून एकच निघते, दोन बोटं क्लचवर ठेव, बाई.