फुलांवरच्या पिशव्या

बाबा: कोणी केला हा गाढवपणा? ऐन फुलोऱ्यात सूर्यफुलांवरच्या पिशव्या काढल्या! बघ, मधमाश्या कशा तुटून पडल्यात!

मुलगी: वारा होता बाबा, उडाल्या असतील. चला, सावलीत बसू.

बाबा: सावलीत काय बसतेस! शेजारच्या वाफ्यातले परागकण येऊन बसले यांच्यावर. अर्धं आयुष्य घालून शुद्ध राखलेलं वाण. पाणी तोडलं तरी पान ताठ. झालं, भेसळ झाली.

मुलगी: गुण जात नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?

बाबा: जात नाही, लपतो. आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. हे बी उन्हाळ्यात पेरलंस, की सगळी रोपं माना टाकणार. त्यांचं बी धरून पुन्हा पेरशील, तेव्हा कुठे चारात एखादं ताठ राहील. मग निवड पहिल्यापासून. जुनं मूठभर बी होतं, ते?

मुलगी: तेच पेरलं होतं, सगळं. उगवण कमी होत चालली होती म्हणून. पुन्हा करीन मी, बाबा.

बाबा: तू करशील गं. पण मला बघायचं होतं, डोकं ठिकाणावर आहे तोवर. डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे मला. (रुमालासाठी खिशात हात घालतो.) हे काय? पिशव्यांचे दोरे माझ्या खिशात?

मुलगी: असू द्या ना.

बाबा: वारा गाठी सोडून दोरे माझ्या खिशात ठेवतो होय? खरं सांग.

मुलगी: पहाटे तुम्ही आला होतात. रखवालदाराने हटकलं, तर म्हणालात, पोरांचा जीव गुदमरतोय.

बाबा: पोरांचा?

मुलगी: हो.

बाबा: कुठला गुण कुठून आला ते सगळं पाठ आहे मला. आणि आज सकाळचं काहीच नाही.

मुलगी: मी रागावले नाहीये.

बाबा: रागव की! तुझ्या जागी मी असतो, तर त्या म्हाताऱ्याला केव्हाच हाकललं असतं. ऐक, फाटकाला कुलूप लाव. किल्ली मला द्यायची नाही.

मुलगी: हा मळा तुम्ही उभा केलात. तुम्हालाच कसं अडवू?

बाबा: मी हातापाया पडेन, रडेन. तरी नाही.

मुलगी: तुम्हाला वाटेल, ही कोण दुष्ट बाई.

बाबा: वाटू दे. आत्ता तू कोण आहेस ते ठाऊक आहे मला. तेवढ्यात लाव.