शिट्टीपर्यंत

रसेल : आई, तुझ्या एप्रनच्या खिशात ही चिठ्ठी कसली? तेवीस लिहिलंय.

आई : माझ्या खिशात हात कशाला घातलास? अंडं खा. गार होतंय.

रसेल : रुमाल हवा होता. तेवीस काय?

आई : बिंगोची असेल.

रसेल : बिंगोच्या चिठ्ठीमागे 'रसेल क्लेगचं मिनिट' असं लिहितात?

आई : हल्ली काय वाटेल ते लिहितात.

आजोबा : सांगून टाक, म्युरियल. अख्ख्या हॅदरशॉला ठाऊक आहे, यालाच तेवढं माहीत नाही. माझ्याकडे सात आहे, पोरा.

रसेल : सात काय?

आजोबा : सातवं मिनिट. पबात टोपी फिरवली, नव्वद चिठ्ठ्या. आज ज्याच्या मिनिटाला तुला मैदानातून उचलून नेतील, त्याला बक्षीस.

आई : बाबा, तुमच्या तोंडाला कुलूप कधी लागणार हो?

आजोबा : नवी कवळी बसवली तेव्हा दोन दिवस लागलं होतं.

रसेल : थांबा. तीन वाजता माझा सामना आहे. चौदा महिन्यांनी मैदानात उतरतोय मी. आणि माझी सख्खी आई माझ्या पडण्यावर चिठ्ठी काढते?

आई : काढते काय? मिसेस पिकल्स टोपी घेऊन दारात आली. नाही कसं म्हणणार? शेजारधर्म म्हणून काही असतो.

रसेल : बक्षीस काय आहे?

आजोबा : मांसाची परात. हॉबसन खाटकाकडून. मेंढ्याची अख्खी तंगडी, आठ चॉप, दोन डझन सॉसेज. वरून कोथिंबिरीसारखं काहीतरी हिरवं लावतो तो, शोभेला.

रसेल : म्हणजे माझी तंगडी मोडली की तुम्हाला मेंढ्याची मिळणार.

आजोबा : तसं बघितलं तर न्याय आहे.

रसेल : आणखी कोण कोण आहे यात?

आजोबा : कोण नाही ते विचार. पाद्रीसाहेबांकडे एकोणनव्वद. हाडांच्या वॉर्डातली ती मोठी नर्स, तिच्याकडे अडतीस. तिला तू तसाही भेटणारच आहेस.

आई : आणि हे बघ, तेवीस आलं तेव्हा मला उलट बरं वाटलं. लवकर पडलास की अंगात वेग आलेला नसतो, लागतं कमी. चारच्या आत घरी.

रसेल : म्हणजे तू आधीच धरून चाललीस की मी पडणार!

आई : बारा वर्षं धरून चाललेय. पहिला सामना आठव. अठरा वर्षांचा होतास. चौथ्या मिनिटाला गोल केलास.

रसेल : त्या गोलाची आठवण लोक अजून काढतात.

आई : आणि आनंदाने उडी मारलीस ती जाहिरातीच्या फळीवरून थेट पलीकडे. खांदा. मग ती फोटोतली शिंक.

रसेल : ती शिंक साधी नव्हती.

आई : सगळा संघ कॅमेऱ्याकडे बघतोय आणि हा पाठ धरून वाकलाय. सहा आठवडे लाकडी फळीवर निजला. क्लबच्या भिंतीवर अजून आहे तो फोटो.

आजोबा : पोलिसांचा घोडा.

रसेल : घोड्यात माझी चूक नव्हती.

आजोबा : घोडा उभा होता. त्याच्या खुराखाली पाय तू नेलास.

रसेल : मोठ्या क्लबने मला मागून नेलं होतं, ते मात्र या घरात कुणी बोलत नाही.

आई : नेलं ना. दोन वर्षांत अकरा मिनिटं खेळलास.

रसेल : त्यात एक गोल! मिनिटांच्या हिशेबाने बघ, त्या वर्षी अख्ख्या इंग्लंडमध्ये माझ्यापुढे कुणी नव्हतं.

आजोबा : मिनिटांच्या हिशेबाने मीसुद्धा नवरा चांगला होतो.

आई : बाबा! हे बघ रसेल, गुडघा दोनदा उघडून झाला. घोट्यात खिळे आहेत. तीस वर्षांचा घोडा तू, आणि गेल्या हिवाळ्यात तुझ्या पायात मोजे मी चढवत होते. मला काय हौस आहे?

रसेल : आज वेगळं आहे. मॅनेजर गॅलब्रेथसाहेबांनी शब्द दिलाय. म्हणाले, क्लेग, शेवटच्या शिट्टीपर्यंत स्वतःच्या पायांवर उभा राहा, सोमवारी पुढच्या वर्षाच्या करारावर सही करतो. नाहीतर...

आई : नाहीतर केनेथमामाचं गालिच्यांचं दुकान. त्याने तुझ्या मापाचा कोटसुद्धा शिवून ठेवलाय, निळा.

रसेल : बघ! मामाला सांगूनही झालं!

आई : गालिचा कधी कुणाच्या गुडघ्यावर मागून येऊन आदळलेला ऐकला नाही मी.

आजोबा : गुंडाळलेला आदळतो. गिरणीत एकदा आमच्या फ्रेडला...

आई : तुम्ही टोस्ट खा.

रसेल : आई, बारा वर्षांत मी एक सामना संपवलेला नाही. एक म्हणजे एक. बाकीचे शेवटची शिट्टी मैदानात उभं राहून ऐकतात. मी ती रुग्णवाहिकेत झोपून ऐकतो, नाहीतर क्लबचा मलमपट्टीवाला नॉर्मनकाका तोंडावर ओला स्पंज दाबून धरतो तेव्हा. मला ती एकदा उभ्याने ऐकायची आहे. करार मिळो न मिळो.

आई : न मिळो म्हणू नकोस. मिळो म्हण. आता उतरतोयसच तर.

रसेल : एक सांग. मी आज टिकलो, अगदी शेवटपर्यंत, तर ते मांस कुणाला?

आई : चहा ओतू का अजून?

रसेल : आजोबा?

आजोबा : तशी चिठ्ठी नाही.

रसेल : नाही म्हणजे?

आजोबा : म्हणजे कुणी केलीच नाही. वाईट हेतू नव्हता, पोरा. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रसेल : नव्वद माणसं बसली होती पबात!

आई : एकोणनव्वद. हॉबसनने स्वतः दोन घेतल्यात.

रसेल : बूट कुठे आहेत माझे?

आई : दाराशी. नाड्या बदलल्यात मी. जुन्या लांब होत्या, पायात आल्या असत्या.

रसेल : तेविसाव्या मिनिटाला ना?

आई : अरे, अंडं तरी संपवून जा!

(त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात. तेच स्वयंपाकघर. रसेलचा डावा हात गळ्यात बांधलेला.)

आई : दोघं एकदम बोलू नका. बाबा, तुम्ही सांगा. पहिल्यापासून. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, मला नुसता ओरडा ऐकू येत होता.

आजोबा : सातव्या मिनिटाला हा खाली बसला.

रसेल : मोजा वर ओढत होतो.

आजोबा : मला काय ठाऊक? मी उठून हाक मारली, नॉर्मन, धाव, बादली आण! नॉर्मन निघालासुद्धा. तेवढ्यात हा उठून पळायला लागला. गेली माझी तंगडी. मग म्हटलं आता आपल्याला काय, आणि ओरडायला लागलो, चल माझ्या पोरा, चल!

आई : इतक्यात पालटलात?

आजोबा : सगळेच पालटले, म्युरियल, तीच तर गंमत. ज्याचं मिनिट गेलं, तो याच्या बाजूला. आधी दहा जण, मग वीस. त्यांच्या बायका, त्यांची पोरं, ज्यांनी चिठ्ठी घेतलीच नव्हती तेही. अडतीस गेलं तशी ती नर्स बाकावर उभी राहिली. एवढी मोठी बाई, बाक वाकला. मध्यंतराला अर्धा स्टँड क्लेग-क्लेग करत होता.

आई : तेवीस झालं तेव्हा मी चिमटा तोंडात धरून घड्याळ बघत होते, खिडकीतून. चोवीस झालं आणि चिमटा गिळायचीच बाकी राहिले.

रसेल : वाईट वाटलं?

आई : नाही ना. तिथेच तर घोळ झाला. बरं वाटलं. आणि बरं वाटल्यावर भीती वाटायला लागली. तोवर मला भीती नव्हती, नुसती खात्री होती.

आजोबा : ऐंशीनंतर दहाच उरले. ते उठून गोलामागे एकत्र जाऊन बसले, परक्या गावचे असल्यासारखे. पाद्रीसाहेब त्यांच्यात, हात जोडून, डोळे मिटून. काय मागतायत ते विचारायची सोय नव्हती.

रसेल : हॉबसनची एक चिठ्ठी अठ्ठ्याऐंशीची. बरोब्बर अठ्ठ्याऐंशीला मागून ओरडला, 'लंगड, लेका, लंगड!' स्वतःच्या क्लबच्या माणसाला.

आई : उद्यापासून त्याच्याकडून खिमासुद्धा घेणार नाही मी. मग?

आजोबा : मग नव्वद झाले.

आई : आणि संपला.

रसेल : नाही संपला. पंचाने चार मिनिटं वाढवली. त्यांच्या गोलरक्षकाचा दात पडला होता, तो शोधण्यात वेळ गेला होता.

आजोबा : आणि त्या चार मिनिटांची चिठ्ठी कुणाकडेच नाही!

रसेल : आई, मी असं कधी ऐकलं नव्हतं. दोन हजार माणसं, आणि मी पडावं असं वाटणारा एकही नाही. हॉबसनसुद्धा टोपी हलवत होता. पलीकडच्या क्लबचे लोकही आमच्यातच ओरडत होते, त्यांना कुणीतरी भानगड समजावून सांगितली असणार. नॉर्मनकाकाने बादलीतलं पाणी ओतून टाकलं, बादली पालथी घातली आणि तीवर बसला.

आई : आणि तू?

रसेल : उभा होतो. गॅलब्रेथसाहेब रेषेवरून सांगत होते, क्लेग, हलायचं नाही. श्वास घे फक्त. मी श्वास घेत होतो. ब्याण्णव झाले. त्र्याण्णव झाले.

आजोबा : आणि उजव्या बाजूने कुणीतरी चेंडू मारला. गोलासमोरून आडवा, कमरेएवढ्या उंचीने. याच्यापासून दोन हात लांब.

आई : पुढे बोला ना!

आजोबा : दोन हजार माणसं एकदम ओरडली, 'सोड!' मीही ओरडलो. पाद्रीसाहेबांचा आवाज सगळ्यात मोठा. 'सोड, पोरा, सोड!'

आई : ते मी ऐकलं! मला वाटलं, मैदानात कुणीतरी कुणाचा गळा धरलाय.

रसेल : मी डोकं घातलं.

आई : रसेल!

आजोबा : हवेत आडवा झाला गं. माशासारखा. चेंडू आत, आणि हा खांबावर.

आई : खांदा? तोच?

रसेल : तो नाही. दुसरा.

आई : तरीच. पाचच्या सुमारास रुग्णवाहिका दारावरून गेली. म्हटलं, आता तर सामना संपला असेल, दुसऱ्या कुणाला तरी नेत असतील. देवा मला माफ कर, मला आनंद झाला. मी तिला हात केला रे. नॅपकिन हलवला.

रसेल : दिसलीस मला, मागच्या काचेतून. मीही केला. उजव्या हाताने.

आजोबा : मी पुढे ड्रायव्हरजवळ होतो. मी खाली वाकलो. म्हटलं, हिच्या नजरेला नको पडायला.

आई : मांस कुणी नेलं?

आजोबा : कुणी नाही. भांडणं चाललीयत. मंगळवारी बैठक आहे, पाद्रीसाहेब अध्यक्ष.

आई : आणि गॅलब्रेथ? ते काय म्हणाले?

रसेल : स्ट्रेचरच्या बाजूने चालत आले, फाटकापर्यंत. म्हणाले, 'चाळीस सेकंद राहिले होते, क्लेग.' टोपी काढली. थोडा वेळ तशीच हातात धरली. मग पुन्हा घातली.

आई : म्हणजे करार नाही.

रसेल : नाही.

आई : चाळीस सेकंद! अरे, चाळीस सेकंदांत माझ्या किटलीला वाफसुद्धा धरत नाही!

आजोबा : म्युरियल, सकाळी तर तुलाच हा गालिचे विकायला हवा होता.

आई : सकाळचं सकाळी! कपडे टाकून कुंपणाला धरून उभी होते मी. हे बघा, हाताला कुंपणाचा रंग लागलाय. सगळं गाव याच्यासाठी ओरडत होतं, जन्मात पहिल्यांदा, आणि याला काय करायचं होतं? उभं राहायचं होतं. तो खांब उभा राहिला की नाही?

रसेल : राहिला. त्याला काही झालं नाही.

आई : दात काढू नकोस. मला सांगा बाबा, त्या गोलाने झालं काय? वर चढलो आपण? कप मिळाला?

आजोबा : सतरावे होतो. सोळावे झालो.

आई : सोळावे! एक वर्षाचं काम घालवलंस, चांगला होता तो खांदा घालवलास. पाद्री घसा फोडून सांगतोय सोड, खाटीक सांगतोय सोड, आजोबा सांगतायत सोड, आणि हा सोळाव्या नंबरसाठी... का रे? मी ओरडणार नाही. मला एकदाच नीट सांग. का?

रसेल : चेंडू आला होता, आई.