विहिरीवरचा बिडाचा आकडा

मंडळी, तुम्ही हातातली कामं टाकून आलात. माग बंद आहेत, त्यामुळं आपलं वडगाव आज ओळखू येत नाही. कल्लाप्पाअण्णांबद्दल मी बोलावं असं ठरलं खरं. पण अण्णांच्या पत्नी आक्का समोर बसल्या आहेत आणि त्यांच्याकडं बघायचा मला धीर होत नाही. का होत नाही, तेच सांगायला उभा राहिलोय.

खासबागेतलं माझं लोखंडी सामानाचं दुकान तुम्हाला माहीत आहे. अण्णा मागांची कामं करणारे सुतार. लढाई सुरू झाली, चांगलं लोखंड मिळेनासं झालं आणि स्वस्तातला माल दारात येऊ लागला. त्यातला कुठला ठेवायचा, कुठला परत धाडायचा, हे मी अण्णांना विचारायचो.

अण्णा स्वस्ताला नाक मुरडणारे नव्हते. म्हणायचे, "मोळा वाकला तर दुसरा ठोकू. करवतीचं दात गेलं तर कानस मारू. त्येला काय भ्यायचं? पर जे मोडल्यावर माणूस जातोय, तितं हात आखडू नको रं."

गेल्या पावसाळ्यानंतर एक फिरता विक्रेता आला. विहिरीच्या दोराला बादली अडकवायचे बारा आकडे त्याच्याकडं होते. घडीव नव्हेत, बिडाचे, ओतीव, म्हणजे जड ओझ्यानं पटकन तुटणारे. अण्णांनी एक आकडा दुसऱ्यावर वाजवून बघितला. कानाजवळ धरला. परत वाजवला.

"पाण्याच्या बादलीला चालंल," म्हणाले. "मोडला तर बादली बुडंल, गळ टाकून काढता येईल. पर गाळ उपसायला न्हाई. गिऱ्हाइकाला सांगशील न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय अण्णा, सांगतो की."

मंडळी, पहिल्या दोघांना मी सांगितलं. दोघंही आकडा ठेवून निघून गेले. मग मी सांगायचं सोडलं. आपल्या या गल्लीच्या विहिरीसाठी लोकांनी आकडा नेला, तेव्हाही मी गप्प बसलो. आकडा मीच कागदात बांधून दिला.

मंगळवारी गाळ काढायला अण्णा स्वतः विहिरीत उतरले. उतरण्याआधी त्यांनी लाकडी चौकट हलवून बघितली. दोर हातानं चाचपला. आकड्याकडं बघितलं नाही. कसं बघतील? मी सांगितलं असणार, लोकांनी गाळासाठी आकडा बदलला असणार, असं ते धरून चालले. माझ्या शब्दावर ते खाली उतरले. चिखलानं भरलेली पाटी वर येताना आकडा तुटला आणि पाटी त्यांच्यावर आली. अण्णा तिथंच गेले.

आक्का, हे तुम्हाला आज कळतंय. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तेवढी माझी लायकी नाही.

पण मंडळी, मला भीती वाटतेय ती वेगळी. मंगळवारपासून मी घरोघर फिरतोय. खासबाग झालं, शहापूर झालं, मच्छ्यापर्यंत जाऊन आलो. सात आकडे काढून आणले. तीन दुकानातच होते. एक तुटला. अकरा झाले. बारावा सापडत नाही.

तो मी बाजाराच्या दिवशी गडबडीत दिला. माणूस बेळगुंदीकडचा असावा, नसेलही. चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की नुसता हात दिसतो, आकडा घेणारा. आणि सध्या दिवस कसले आहेत, तुम्ही जाणता. विहिरी आटल्या आहेत, जो तो गाळ काढायला लागलाय. उद्या सकाळी कुठंतरी कुणाचा भाऊ, कुणाचा बाप खाली उतरेल आणि वरून त्याच आकड्याला पाटी लावतील.

अण्णांचं काम गावोगाव होतं. बेळगुंदीची माणसं इथं आहेत, मच्छ्याची आहेत. तो आकडा नेणारा या बैठकीत असेल, निदान त्याचा शेजारी तरी असेल. नीट आठवून बघा. काळा रंग दिलेला, टोकाला जाड, आतल्या बाजूला खरबरीत. या उन्हाळ्याआधी घेतलेला.

तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. दोष माझा आहे.

अण्णांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं आहे. राहू. डोकं खाली घालून राहू. पण त्याआधी गप्प बसू नका. ज्याच्या विहिरीवर तो आकडा आहे, त्यानं आधी बोलावं. मी थांबतो.