ज्याचा रुमाल त्यानंच उचलायचा

बसा की अनुपमाताई, दौंडवरनं एवढ्या लांब आलाय – न्हाई, लॅपटॉप नका काढू, म्हाईत हाय मला कशाला आलाय ते. आपल्या बिबट्याचा इशारा द्यायच्या ॲपमधलं मेसेजचं काम, त्याच्यावरनं पप्पूचं नाव काढायचं आन् गौतमीचं लावायचं, व्हय ना? कालचं कळलं मला. मांडवगणात बिबट्या आला, शेळी नेली. वाईट झालं. पण त्याचा आन् माझ्या नावाचा काय संबंध? ॲप काय बिबट्याला धरून ठेवतंय का?

आन् नियम कुणी काढला? मीच ना? सगळी फुकट राबणारी पोरं, कोण शिरूरला, कोण दौंडला, कोण वरवंडला, कुणाचं कुणाला म्हाईत न्हाई, एकच काम दोघं करत बसायची. म्हणून म्या म्हणलं, एसटीत कसं करतो आपण? खिडकीतनं रुमाल टाकतो. रुमाल दिसला की दुसरा बसत न्हाई. तसंच, कामावर आधी नाव टाका, मगच हात लावा – आन् ज्याचा रुमाल त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं न्हाई. समोर स्टँड हाय, दिवसभर तेच तर बघतो मी ह्या दुकानातनं. तवा तुम्हीच म्हणला होता, पप्पू, डोकं हाय तुला. त्याच्यानंतर एकबी काम डबल झालं का? न्हाई झालं.

त्याच्याआधी झालं होतं ते माझंच. नकाशाचं. महेंद्रबी तेच करत होता, मला म्हाईत न्हवतं. गिऱ्हाईक परत पाठवून केलता म्या तो नकाशा, आन् तुम्ही लिहिलं – छान झालाय, पण महेंद्रचा कालच घेतला. कालच. तुमची चूक न्हाई, मी तसं म्हणतच न्हाई, आपण हसलो, नियम केला, विषय संपला. संपला म्हंजी – अजून लॅपटॉप उघडला की तीच ओळ दिसती मला, हात चालत न्हाई.

तसं मेसेजचं होत आलंय माझं. नेट नसलं तरी साध्या मेसेजनं वस्तीवर इशारा जायचा, एवढंच तर काम हाय. दाखव म्हंजी? आत्ता? अर्धवट कसं दाखवू? गौतमीलाबी हेच सांगितलं म्या. सारखी विचारायची, दादा, तुमचं होत नसंल तर मी घेऊ का, माझं तयारच हाय. म्हणलं, रुमाल दिसत न्हाई का? गप बसली बिचारी. नियमानं वागती पोरगी, आन् मी – काय बघताय असं? व्हय, तयार होतं तिचं. दिवाळीपासनं. बरं, न्हाई लिहिलं मी. एक ओळ न्हाई लिहिली. पण नाव तर होतं ना तिथं? हितं लोकांच्या मोबाईलच्या फुटक्या काचा बदलतो दिवसभर, आन् तिथं कुणीतरी म्हणतंय, हे पप्पूचं काम हाय. ते काढलं की ऱ्हातं काय माझ्यापाशी? आन् शेळीच गेली ना? माणसाला तर काय –

बोला की ताई.

कोण? सोजरबाई म्हंजी – गौतमीची आय? शेळी सोडवायला गेली? आन् शेजाऱ्यानं सांजच्यालाच बघितला होता बिबट्या? ॲपमधी टाकलंबी त्यानं? मग – व्हय. नेट न्हाई. त्याच्या फोनातच अडकून ऱ्हायलं. हाताला टाके. शुद्धीत हाय ना पण? बोलती ना?

आन् गौतमी? माझ्याबद्दल काय म्हणली ती? खरं सांगा, शिव्या दिल्या असत्याल तरी सांगा.

सकाळी, दवाखान्यातनं? परत तेच विचारलं? पप्पूदादांना विचारा, आता घेऊ का?

द्या तो फोन इकडं. कुठं दाबायचं – म्हाईत हाय मला, मीच केलंय ते. हे घ्या. काढलं नाव. तिला सांगा, घे म्हणावं. न्हाई, माझं नाव नका सांगू, तुम्हीच काढलं म्हणा. न्हाई – म्याच काढलं म्हणा.

जावा आता ताई. तुमची गाडी लागलीय. जावा, शटर ओढायचंय मला.