ज्याचं लिंबू, त्याचं राज्य

मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे. लहानपण गोड असतं म्हणतात. मान्य. पण ते गोड करतं कोण?

तुम्ही म्हणाल – बुवा, देव करतो. बरं. मग देवाच्याच घरात बघू.

गोकुळातलं लोणी, गोकुळातल्या खोड्या आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. पण बाळकृष्णाला तिथं आणलं, तेव्हा यशोदेची कूस रिकामी नव्हती. तिला मुलगी झाली होती. तिला उचललं, तिच्या जागी त्याला ठेवलं. त्याच्या वाट्याला लोणी आलं, तिच्या वाट्याला मथुरेचा तुरुंग आणि कंसाची शिळा. तिच्या बाळलीलांचं एखादं पद येतं का कुणाला? पेटीवाले, तुम्हाला? – नाही ना. मलाही येत नाही.

ती देवी होती, कंसाच्या हातून निसटली. आपल्या घरातल्या निसटत नाहीत. त्यांतल्या एकीची गोष्ट सांगतो.

मंगळवेढ्याकडचं एक गाव. नाव विचारू नका, तिथं माझं येणंजाणं आहे. त्या गावचे विश्वंभर दिवाण पुण्यात स्थायिक झाले आणि कवी म्हणून नावारूपाला आले. लिहायचे कशावर? लहानपणावर. चिंचा, भोवरे, अंगणातली बाज. माणूस पन्नाशी ओलांडून गेला, पण कवितेत अजून चड्डीच घालत होता.

गावच्या वाचनालयानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, आणि लोक म्हणाले, ‘कच्चं लिंबू’ म्हणा. ही त्यांची गाजलेली कविता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटली –

*देवा, एकदा पुन्हा खेळात घे मला,*
*कच्चं लिंबू म्हणून घे.*
*सापडलो तरी बाद नव्हतो,*
*बाद झालो तरी राज्य नव्हतं –*
*किती हलकं होतं अंग.*

चष्मे पुसले गेले. वाईट कविता नाही हं. मलाही भरून येतं.

पहिल्या रांगेत त्यांची थोरली बहीण बसली होती. रत्नमाला. आई ‘रतन’ म्हणायची, बाकी घरात आक्का. अध्यक्ष म्हणाले, ‘‘आक्का, तुम्ही दोन शब्द बोला.’’

ती उठली. गुडघा धरून उठली. म्हणाली, ‘‘कविता छान आहे. तेवढं ‘राज्य नव्हतं’ म्हणतो, ते बरोबर नाही. राज्य होतं. ते मी घेत होते.’’

सभा हसली. कवीही हसले. कार्यक्रम संपला, चहा झाला.

आता हे ‘राज्य’ काय, ते आजच्या मुलांना सांगितलं पाहिजे. लपाछपीत राज्य येणं म्हणजे सिंहासन नव्हे. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, आकडे म्हणायचे, मग सगळ्यांना शोधत उन्हात हिंडायचं. त्या काळी मुलगी खेळायला निघाली, की आई धाकट्याला तिच्या कडेवर द्यायची – ‘याला घेऊन जा, नाहीतर घरात बस.’ हा धाकटा म्हणजे कच्चं लिंबू. त्याला खेळात घ्यायचं, पण बाद करायचं नाही. साऱ्या महाराष्ट्रात हेच. फक्त दिवाणांच्या बोळातली पोरं कायद्याला पक्की. ती म्हणायची, लिंबू सापडलं ना? मग कुणीतरी राज्य घेतलं पाहिजे. ज्याचं लिंबू, त्याचं राज्य!

विशू, म्हणजे आपले कवी, सारखा सापडायचा. लपायचंच नाही ना त्याला, मध्येच खिदळायचा. की आक्का भिंतीकडं. सगळा बोळ खेळायचा आणि आक्का भिंत बघायची.

पुढं वडील गेले. विशू शिकायला पुण्याला गेला. आक्काचं लग्न राहिलं. शब्द बघा मंडळी – मोडलं नाही, नाकारलं नाही. राहिलं. विरजण लावायचं राहिलं म्हणतो, तसं. आईजवळ आक्काच राहिली. आणि आईला विसर पडायला लागला. भरवावं लागायचं, धुवावं लागायचं, दाराची कडी वरची लावावी लागायची.

सत्कारानंतर भाऊ घरी जेवायला बसला. आक्का आईला मऊ भात भरवत होती. भरवता भरवताच म्हणाली, ‘‘विशू, गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलंय. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर पाय सरळ होणार नाही. आईला घेऊन जा.’’

‘‘आत्ता? अगं, पुढच्या महिन्यात माझं–’’

‘‘पुस्तक.’’

‘‘पुस्तक, आणि दौरा. शिवाय तिसरा मजला. आईला तिथं करमायचं नाही. एखादी बाई ठेवू ना इथं.’’

‘‘ठेवली होती. आईनं तिच्या हातून घास घेतला नाही.’’

‘‘मग माझ्या हातून घेईल?’’

‘‘बघ की घेते का.’’

(मागून कोण विचारतंय? – ‘बुवा, त्यांची बायको कुठं होती?’ वा. मुलगा आईचं करत नाही म्हटलं, की पहिली चौकशी सुनेची. होती हो, पुण्यात होती, नोकरीवर होती. तिनं फोनवर सांगितलं होतं, आणा त्यांना, पण करायचं तुम्ही. झालं समाधान? बसा.)

तर विश्वंभरराव हात धुऊन आले आणि खरं ते बोलले. ‘‘आक्का, मला हे जमत नाही गं. मी कधी केलेलंच नाही.’’

आक्कानं वाटी खाली ठेवली. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लपाछपीत गडी सापडला की ठेवतात, तसा. म्हणाली, ‘‘राज्य.’’

‘‘हा काय खेळ आहे का, आक्का?’’

‘‘नाही. खेळ असता तर मीच घेतलं असतं.’’

मंडळी, यावर कविता होत नाही. यावर गाडी करावी लागते. त्यांनी केली. आईला पुण्याला नेलं, आक्काला सोलापूरच्या दवाखान्यात सोडलं.

पुढं काय? दौरा रद्द झाला. आई घास थुंकायची, साबण चाटायची, चप्पल उशाशी घ्यायची. कवी सकाळी चादरी धुवायचे. तुम्ही म्हणाल, देव प्रसन्न झाला, आईला आठवण आली. नाही. गोष्ट खरी वाटावी असं वाटत असेल, तर तसं काही करू नका तिचं. उलट झालं. आई त्यांना ‘रतन’ म्हणायला लागली.

‘‘रतन, पाणी दे.’’

‘‘आई, मी विशू.’’

‘‘बरं. रतन, पाणी दे.’’

तिच्या लेखी भरवणारा हात म्हणजे रतन. त्या हाताला दुसरं नावच नव्हतं. थोडे दिवस त्यांनी नाव दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

एका दुपारी ते वरणभात भरवत होते. स्वतः उपाशीच होते, सकाळपासून सवड झाली नव्हती. अर्धी वाटी झाली आणि आईनं त्यांचं मनगट धरलं. काळजीनं विचारलं –

‘‘रतन, विशू जेवला का गं?’’

त्यांनी दुसऱ्या हातानं तिचं तोंड पुसलं. मग म्हणाले,

‘‘जेवला, आई. सगळ्यांच्या आधी जेवला.’’

‘‘मग बरं,’’ आई म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.

त्यांनी पुढचा घास दिला. वाट पाहिली. आई आणखी एक प्रश्न विचारेल – ‘आणि तू?’ – म्हणून वाट पाहिली. तिनं विचारला नाही. त्या घरात तो कधी कुणी विचारलाच नव्हता.

आक्काचा पाय सरळ झाला. आई पुण्यातच राहिली. एवढंच आख्यान.

आता तुमच्याकडं येतो. तुम्हालाही लहानपण आठवतं, तुमचेही डोळे भरतात. भरू देत. पण त्या आठवणीत जरा मागं बघा. कुणीतरी उभं आहे – थोरली बहीण असेल, काकू असेल, शाळा सोडावी लागलेला थोरला भाऊ असेल. ते माणूस हयात असेल, तर आज त्याला विचारा, जेवलात का. ते ‘हो’ म्हणेल, विचारून संपायच्या आत म्हणेल. त्या ‘हो’वर उठून येऊ नका. ताट वाढा, आणि समोर बसा.