चुलीपुढची बाई

हिरोसाठी तासभर ताटकळलेल्या प्रेमिलेच्या पुढं, सिनेमाच्या तिकिटासाठीच्या बायकांच्या रांगेत, दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"पुन्हा हाच सिनेमा काहून वं, कांता? हिरो आवडला का?"

"हिरोले काय करू? मी त्याच्या मायले पाहाले येतो."

"तिचा एकच तर सीन आहे. पोरगा मुंबईले निघते अन् माय रागानं भाकरी थापत बसते."

"रडत नाही, बोलत नाही. हात तेवढा परातीत थांबते."

"तुझा पोरगा लहानू घर सोडून गेला, तवा तू बी अशीच बसली होती."

"हो. मान वर केलीच नाही."

"मंग पाहून काहून जीव जाळून राहिली?"

"तिच्या मागं दारात पोरगा कितीतरी वेळ उभा राहते ना वं. ते मले घरी दिसलंच नव्हतं."